पाचांमध्ये कोण?

‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण आपण मोठ्या विश्वासाने वापरतो. परंतु ते पाच कोण, हे क्वचितच विचारतो. मराठेशाहीच्या गोतसभेत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार एकत्र बसत आणि निवाड्याचा महजर तयार होई. न्याय गावाच्या दारी आणणारी ती व्यवस्था आम्हांला आदरणीय वाटते. तथापि निवाडा करणाऱ्यांत स्त्री सहसा दिसत नाही. तिच्या नांदण्याचा वा माहेरी परतण्याचा निर्णय इतरांच्याच मुखांतून होत आला.

या पार्श्वभूमीवर बडोदे जिल्ह्यात १९९५ साली सुरू झालेली ‘नारी अदालत’ विचारार्ह ठरते. ‘महिला समाख्या’ या सरकारी शिक्षणकार्यक्रमातून ती उभी राहिली. तेथे बसणाऱ्या स्त्रिया बहुधा ग्रामीण आणि अल्पशिक्षित होत्या. त्यांत दलित व आदिवासी स्त्रियाही होत्या. सरकारी कचेरीच्या आवारात, उघड्यावर त्यांची बैठक भरे. दोन्ही पक्षांचे ऐकावयाचे, गावात चौकशी करावयाची आणि ठरले ते कागदावर उतरवावयाचे, ही त्यांची रीत. मारहाण, पोटगी, स्त्रीधन, मुलांचा ताबा असे विषय पुढे येत. कायद्याने दिलेला अधिकार त्यांच्यापाशी नव्हता. होता तो लोकांनी दिलेला मान. पुढे केंद्राच्या ‘मिशन शक्ती’ योजनेतही ‘नारी अदालत’ हा घटक आला.

येथे एक नैतिक पेच आहे. मध्यस्थाने तटस्थ असावे, असे आपण मानतो. पण एका बाजूस घर, पैसा व भाऊबंद आणि दुसऱ्या बाजूस नेसत्या वस्त्रानिशी आलेली स्त्री असेल, तर दोघांपासून समान अंतरावर उभे राहणे हा न्याय होतो काय? आमच्या मते होत नाही. तटस्थता निष्कर्षाविषयी असावी. दुबळ्याचा आवाज ऐकू यावा, याविषयी नसावी.

मात्र केवळ स्त्री असल्याने कोणी न्यायी ठरत नाही. ‘दोन हातांशिवाय टाळी वाजत नाही, सांभाळून घे’ हा उपदेश घरोघरी स्त्रियांनीच अधिक केला आहे. म्हणूनच प्रशिक्षण हवे. प्रत्येकाचे स्वतंत्रपणे कसे ऐकावे, गुपित कसे राखावे, संमती खरी की भीतीपोटी दिलेली हे कसे ओळखावे, आणि मुख्य म्हणजे मध्यस्थी कोठे थांबवावी, हे शिकावेच लागते. जिवावर बेतणाऱ्या हिंसेत समेट घडविणे म्हणजे पीडितेला पुन्हा त्याच दारात लोटणे होय.

श्रीमंतांसाठी न्यायालय आणि गरिबांसाठी समजूत, अशी वाटणी होईल, ही शंकाही रास्त आहे. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. परंतु तीतील समझोत्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ दिलेले नाही. त्यामुळे न्यायालयाची वाट मोकळी राहिलीच पाहिजे. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. प्रशिक्षित मध्यस्थ बाईने पहिल्याच भेटीत हे सांगावे, म्हणजे पुढचा समेट हा नाइलाज न राहता निवड होईल.

आपल्या पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात नांदलेल्या घराण्यांत ‘बाहेर बोभाटा नको’ म्हणून कितीतरी तंटे माजघरातच मिटले. त्यांतील किती सुटले आणि किती नुसते दबले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तो मांडावयाचा असेल, तर पाचांची ओळ नव्याने बसवावी लागेल.