औषध कुणाला?

"सगळं काढलं म्हणता ना? मग आता औषध कुणाला?"

माझ्या आईने हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही पंचवटीतल्या घरी चहा घेत बसलो होतो. भाचीच्या स्तनातली गाठ शस्त्रक्रियेने काढल्याला तीन आठवडे होत आले होते. जखम भरली होती, पोर पोटभर जेवत होती, सातपूरच्या कंपनीतून तिला कामाचे फोनही येऊ लागले होते. वय 26. आणि डॉक्टर म्हणत होते, की आता दर तीन आठवड्यांनी एकदा, असे आठ वेळा शिरेतून औषध घ्यायचे. आम्ही शिकलीसवरलेली माणसे एकमेकांकडे पाहत राहिलो. आईच्या प्रश्नाचे उत्तर कुणापाशीच नव्हते.

ऐन दिवाळीत हा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. पण चकल्या तळताना घरोघरी दार लोटून जे बोलले जाते, त्यात असले विषयच अधिक असतात, असा माझा अनुभव आहे.

शस्त्रक्रियेला धैर्य लागते खरे. पण ते बरेचसे उसने मिळते. गाठ हाताला लागते, ती नको असते, भोवती माणसे असतात, भूल दिली जाते. डोळे उघडावेत तो सारे उरकलेले. नंतरच्या औषधाचे तसे नाही. तिथे बऱ्या झालेल्या माणसाने आपल्या पायांनी चालत जाऊन आजारी पडायचे असते. केस जाणार, तोंड येणार, मळमळणार, हे बहुतेक ठरलेले. त्याने काय वाचणार, ते मात्र अनिश्चित. सराफ बाजारातला कुठलाही शहाणा माणूस असला सौदा करणार नाही.

दुसरे मत घ्यायला आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने परळला गेलो. 1941 साली टाटांचे इस्पितळ तिथे उघडले, तेव्हापासून नाशिकची किती माणसे या वाटेने गेली असतील! आता औषध नाशकातही मिळते. तरी एकदा परळला दाखवून येण्याची चाल राहिलीच आहे, आणि ज्यांना मुंबईत राहणे परवडत नाही त्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधारही. इस्पितळातल्या डॉक्टरबाईंना भाचीने आजीचाच प्रश्न विचारला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गाठ काढण्यापूर्वीच एखादी पेशी रक्तातून निघून गेली असली, तर तिला. ती आहे की नाही, ते मला तुमच्या तपासण्यांत दिसत नाही."

पुढे मी या उपचाराची हकीकत वाचून काढली. 1976 साली इटलीतल्या मिलान शहरी जियानी बोनाडोना या डॉक्टरांनी एका प्रयोगाचे आकडे प्रसिद्ध केले. रोग काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेल्या स्त्रिया. शस्त्रक्रिया सगळ्यांची झालेली. 179 जणींना पुढे काही दिले नाही, 207 जणींना तीन औषधे मिळून दिली. 27 महिन्यांच्या हिशेबात पहिल्या गटातल्या शेकडा 24 जणींचा रोग उलटला, दुसऱ्यातल्या शेकडा 5 जणींचा. आता औषधे बदलली आहेत. काही प्रकारच्या गाठींत जनुकांची तपासणी करून ती टाळताही येतात. भाचीची गाठ त्या प्रकारातली नव्हती.

माझे गणित मॅट्रिकपुरते. तरी तेच आकडे मी उलटे मांडून पाहिले. शंभरांतल्या 76 जणींचा रोग तेवढ्या काळात औषधाविनाही उलटला नसता. 5 जणींचा औषध घेऊनही उलटलाच. उरल्या 19. औषध कामी आले ते या 19 जणींच्या. आणि चमत्कारिक गोष्ट अशी, की आपण त्या 19 मधल्या, हे त्यांच्यापैकी एकीलाही कधी कळले नसेल. वीस वर्षे मीही वर्गात असाच अंधारात शिकवीत आलो आहे. कुणाच्या कामी आले, ते कळत नाही. मात्र माझ्या शिकवण्याने कुणाचे केस गळत नाहीत.

भाचीची समजूत घालण्याचे काम घराने माझ्याकडे दिले. कादंबऱ्या लिहिणारा माणूस, शब्दांचा धनी! दोन दिवस विचार करून मी तिला म्हणालो, "आईसाठी तरी घे." माझ्या कादंबऱ्यांत अशा वाक्याला वाचक रडतात.

ती म्हणाली, "मामा, म्हणजे मी आईच्या भीतीचं औषध घेऊ?"

मला लाज वाटली, आणि तिला आणखी एक कारण होते. डॉक्टरांनी दिलेल्या कागदांत एक सूचना अशी होती, की या औषधाने पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. इच्छा असेल तर औषध सुरू होण्यापूर्वी स्त्रीबीजे काढून गोठवून ठेवता येतात, त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. तो कागद ताईने कपाटात ठेवून दिला होता. "आधीच खचलीय पोर. लग्न व्हायचंय अजून, तिला हे कुठं सांगायचं?" दाजींनी मान डोलावली होती, मीही. मायेची माणसे लपवाछपवी करतात, यात नवे काही नाही. आईला तिच्या रक्तदाबाचे आकडे मी आजही कमी करून सांगतो. ते बरोबर की चूक, हे मला ठाऊक नाही. पण इथे आम्ही एका मुलीला तिच्या अंगावर बेतणारा सौदा करायला सांगत होतो, आणि त्यातली अर्धी रक्कम झाकून ठेवली होती. असा सौदा तिने मान्य केला असता, तरी तो तिचा कसा म्हणायचा?

ताईला सांगून मी तो कागद तिच्या हातात दिला. मला वाटले होते ती रडेल. ती चिडली.

"सहा दिवस हे कपाटात होतं? माझ्याकडे दिवसच मोजके आहेत, मामा!"

त्या कागदाचे पुढे तिने काय केले, ते तिचे आहे. मी इथे लिहिणार नाही. औषध घ्यायचे मात्र तिने ठरवले. चार दिवस ती कुणाशी फारसे बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "नाही घेतलं आणि उलटलं, तर मला माझंच तोंड बघवणार नाही." एवढेच.

मग तयारी सुरू झाली. दात आधी दाखवून घेतले. नवा थर्मामीटर आला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप 100.4 वर गेला, तर रात्री-अपरात्रीही थेट इस्पितळ गाठायचे होते. सालासकट खायची कच्ची फळे आमच्या डॉक्टरांनी बंद केली. म्हणजे नाशकात राहून द्राक्षांचा हंगाम नुसता बघायचा! ताईने मऊ भाताबरोबर खायला मेतकूट करून ठेवले.

केस गळण्याची वाट न पाहता ते आधीच बारीक करायचे, असे भाचीने ठरवले. माझ्या आईच्या लहानपणी घरात तिची एक आत्या होती, बालविधवा. तिचे केस कसे काढले गेले, ते आई अजूनही पुरते सांगत नाही. भाची स्टुलावर बसली, शेजारची मुलगी कात्री घेऊन उभी राहिली, आणि आई दारात आली. मला वाटले, आता ही अडवणार.

"कुणी सांगितलं म्हणून नाही ना कापत?" आईने विचारले.

"नाही आजी. मीच ठरवलंय."

"मग थांब जरा," आई म्हणाली, आणि खांद्यावर टाकायला जुना टॉवेल आणायला आत गेली.