भांडार म्हणजे पोथ्यांची यादी का?

वाशीम जिल्ह्यातलं कारंजा (लाड) अभ्यासकांना पोथ्यांमुळे माहीत आहे. बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या तीन दिगंबर जैन परंपरांची इथे मंदिरं आहेत आणि पोथ्यांची भांडारंही. रायबहादूर हिरालाल यांची मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली नागपुरातून निघाली आणि कारंज्याच्या अपभ्रंश ग्रंथांकडे बाहेरच्यांचं लक्ष गेलं. पुढे हिरालाल जैन (हे वेगळे हिरालाल) यांनी पुष्पदंताचं ‘णायकुमारचरिउ’ आणि कनकामराचं ‘करकंडचरिउ’ संपादित केलं.

आता समजा, या भांडारांच्या नोंदीचं ॲप तुम्ही सी शार्पमध्ये लिहिताय. पहिला विचार सरळ येतो: भांडार म्हणजे पोथ्यांची यादी. म्हणून ‘भांडार’ हा क्लास तयार ‘लिस्ट’पासून बनवायचा आणि वर मंदिर, गण, देखरेख कोणाची अशा दोन-चार प्रॉपर्टी जोडायच्या. प्रोग्रॅम छान चालतो. पण तो डेटा फोनकडे पाठवायला जेसनमध्ये बदलला की चौकोनी कंसात ओळीने पोथ्या येतात, बाकी सगळं गायब. एरर नाही की साधी सूचना नाही.

यात लायब्ररीची लबाडी नाही. जेसनमध्ये चौकोनी कंस वस्तू क्रमाने ठेवतो, त्या अख्ख्या संग्रहाविषयी काही लिहायला त्यात जागाच नाही. महिरपी कंसात नावानिशी माहिती बसते. आपला क्लास दोन्ही आहे, म्हणून लायब्ररी एक निवडते. न्यूटनसॉफ्टच्या लायब्ररीत ‘याला ऑब्जेक्ट समज’ अशी खूण करता येते. मग मंदिर येतं, गण येतो, पोथ्या किती तो आकडाही येतो. पोथ्या मात्र येत नाहीत! एकदा यादी आली तर घर गेलं, एकदा घर आलं तर आतली माणसं गेली.

उपाय सोपा आहे: भांडार ही यादी नव्हे, भांडाराकडे यादी आहे, असं म्हणायचं. पोथ्या ही त्याची एक प्रॉपर्टी, गण ही दुसरी. मला हा बदल निव्वळ तांत्रिक वाटत नाही. तिन्ही भांडारांच्या नुसत्या याद्या एकत्र केल्या आणि एकच ग्रंथ दोनदा दिसला, तर कुणीही शहाणा प्रोग्रॅमर एक नोंद ‘डुप्लिकेट’ म्हणून उडवेल. ग्रंथ एकच असेल, पण प्रती दोन. कुणीतरी दोनदा बसून लिहिलं, दोन घरांनी खर्च केला, दोन मंदिरांनी जपलं. कोणती प्रत कुठली, हे सांगणारा दुवा आधीच गळालेला असतो, त्यामुळे आपण काय पुसतोय हे पुसणाऱ्याला कळतही नाही.

‘प्रत्येक यादी काहीतरी गाळतेच’ असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण काय गाळायचं हे ठरवून गाळणं वेगळं आणि ठरवण्याची वेळच न येणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत जबाबदारी कोणाची? माझ्या मते लायब्ररीची नाही, ‘भांडार म्हणजे यादी’ असं पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याची.

अर्थात सगळं नीट मांडलं तरी अडचण उरते. अनेक जैन पोथ्यांच्या शेवटी, ही पोथी ज्ञानावरणीय कर्माच्या क्षयासाठी लिहवून दिली, अशी नोंद असते. ॲपमध्ये त्यासाठी ‘उद्देश’ नावाचा रकाना करता येईल. त्याचा डेटा टाइप मात्र ‘स्ट्रिंग’च ठेवावा लागेल.