रिकाम्या नळीची साक्ष

प्रयोगशाळेत नीतीचा प्रश्न उभा राहतो तो अणुबाँब किंवा क्लोनिंग अशा मोठ्या शब्दांच्या संगतीने, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु काही प्रश्न फार लहान भांड्यात मावतात. आज आम्ही ज्या प्रश्नाचा विचार करणार आहोत, तो करंगळीच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या नळीतला आहे.

१९८३ साली कॅरी मुलिस या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला डीएनएच्या नेमक्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची युक्ती सुचली. पीसीआर या नावाने ती आज घरोघरी ठाऊक आहे. १९९३ चे नोबेल पारितोषिक मुलिस यांना तिच्यासाठीच विभागून मिळाले. नळी ९५ अंशांपर्यंत तापविली की डीएनएचे दोन पदर सुटे होतात. ती ५५-६० अंशांपर्यंत निवविली की 'प्रायमर' नावाचे छोटे तुकडे ठरलेल्या जागी जाऊन चिकटतात. पुन्हा ७२ अंशांवर नेली की एक विकर प्रत्येक पदराची हरवलेली जोडी भरून काढते. एका फेरीत एकाचे दोन, दुसरीत चार. अशा ३० फेऱ्यांत हिशेबाने शंभर कोटींहून अधिक. एवढ्या उष्णतेत टिकणारे हे विकर यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यातील एका जीवाणूपासून मिळाले. १९६६ साली प्राध्यापक टॉमस ब्रॉक यांच्याबरोबर तो जीवाणू हाती लागला तेव्हा हडसन फ्रीझ हे साधे पदवीचे विद्यार्थी होते, ही गोष्ट आमच्या तरुण वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

म्हणजे यंत्राने करावयाचे ते काय? तापविणे आणि निवविणे, मात्र अचूक. तरीही दीर्घकाळ हे यंत्र हजारो डॉलर मोजल्यावाचून मिळत नसे. २०११ साली कॅलिफोर्नियातील टिटो यान्कोव्स्की आणि जॉश पर्फेटो यांनी 'ओपनपीसीआर' नावाचे यंत्र सुट्या भागांच्या रूपात ५१२ डॉलरला उपलब्ध केले आणि त्याचा आराखडाही सर्वांसाठी खुला ठेवला. लाकडी पेटीतले हे यंत्र विद्यार्थ्यांनी स्वतःच जोडावे अशी योजना होती. ज्ञानाचे साधन धनिकांच्या कपाटातून बाहेर आले याचा आम्हांस मनापासून आनंद वाटतो.

आता अशा स्वस्त यंत्राची परीक्षा विद्यार्थी कशी घेतात ते पाहावे. एका नळीत तपासावयाचा नमुना घालतात. दुसरीत असा डीएनए, की ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे. तिसऱ्या नळीत सारी रसायने असतात, पाणी असते. केवळ डीएनए नसतो. फेऱ्या संपल्यावर प्रत्येक नळीतला थेंब जेलमध्ये सोडून वीजप्रवाह देतात. पहिल्या दोन्हींच्या वाटेवर चमकणारा पट्टा उमटावा आणि तिसरीची वाट कोरी राहावी, अशी अपेक्षा असते. आपल्याकडे बाजारात जाणती गृहिणी माल घालण्याआधी रिकाम्या तराजूकडे नजर टाकते, पारड्यात पासंग आहे काय ते पाहते. तिसरी नळी म्हणजे तो रिकामा तराजू.

आणि कधी कधी तिसऱ्या वाटेवरही एक पुसट पट्टा दिसतो. कोणाच्या तरी हातमोज्यावरून, पिपेटच्या टोकावरून किंवा पाण्याच्या बाटलीतून डीएनएचा न दिसणारा कण आत गेलेला असतो. यंत्राला तो आपला की परका हे कळत नाही. तेही शंभर कोटी होतात.

प्रश्न उद्भवतो तो इथे. विद्यार्थी मनाशी म्हणतो, आपण यंत्र तपासत होतो, यंत्राने तर तापविण्या-निवविण्याचे काम चोख केले. चूक हातांची आहे, मग तिसऱ्या नळीचा उल्लेख अहवालात कशाला? हा युक्तिवाद अर्धा खरा आहे आणि म्हणूनच तो आम्हांस उघड लबाडीपेक्षा अधिक घातक वाटतो. कारण रिकामी नळी बोलू लागली की नमुन्याच्या नळीतला पट्टा नमुन्याचाच आहे, असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही. नीतिशास्त्रात असत्य सांगणे आणि सत्य न सांगणे यांत भेद केला जातो, आणि प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला सांगण्याचे बंधन कोणावर नाही हे खरेच. मात्र ज्याने आपल्या शब्दावर विसंबून पुढचे पाऊल टाकावयाचे आहे, त्याच्यापासून पासंग लपविणे त्या भेदाच्या आडोशाला बसत नाही.

वर्गातल्या प्रयोगाने कोणाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. हेच हात उद्या कोठे काम करणार आहेत? मेरीलँडमधील कर्क ब्लड्सवर्थ यांना १९८५ साली एका नऊ वर्षांच्या बालिकेच्या खुनासाठी मृत्युदंड सुनावण्यात आला होता. फेरखटल्यात तो जन्मठेपेवर आला. कपड्यावरच्या एका पुसट डागाची पीसीआर तपासणी झाली आणि १९९३ साली ते निर्दोष ठरून बाहेर आले. खरा गुन्हेगार डीएनएवरूनच २००३ साली ओळखला गेला. ज्या हातांनी ती तपासणी केली, त्यांच्या रिकाम्या नळीवर एका मनुष्याचे आयुष्य अवलंबून होते.

याउलट जर्मनीत घडले. तेथे आणि शेजारच्या ऑस्ट्रिया व फ्रान्समध्ये सुमारे ४० गुन्ह्यांच्या जागी एकाच अज्ञात स्त्रीचा डीएनए सापडत गेला. २००७ साली हायलब्रॉन शहरात मारल्या गेलेल्या पोलीस शिपाई तरुणीच्या खुनातही तोच. वर्षानुवर्षे पोलीस त्या स्त्रीच्या मागावर होते. २००९ साली उलगडा झाला : नमुने टिपण्याचे कापसाचे बोळे बांधणाऱ्या कामगार स्त्रीचा तो डीएनए होता. बोळे निर्जंतुक केलेले होते; पण जंतू मेले म्हणून डीएनए पुसला जात नाही.

आपल्या जवळचेच पाहू. गोव्यातील कंपनीच्या 'ट्रूनॅट' या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्राची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली क्षयरोगाच्या निदानासाठी केली. खेड्यातल्या आरोग्य केंद्रात आता तंत्रज्ञाच्या शब्दावर कोणी सहा महिने औषधे घेतो, तर कोणी नि:शंक मनाने घरी परततो आणि लेकराबाळांत झोपतो.

अपरिपक्व हातांत असे सामर्थ्य देऊच नये, असे म्हणणारे काही ज्येष्ठ आहेत. आम्हांस ते पटत नाही. महाग यंत्रामागे कारखान्याची हमी असते, देखभालीचा माणूस असतो. पाचशे डॉलरच्या पेटीमागे तो विद्यार्थी एकटा असतो, आणि हमी त्यालाच द्यावी लागते. ती द्यावयास तो दुसरीकडे कोठे शिकणार?

पट्टा आला तर करावयाचे काम कंटाळवाणे आहे. पाणी बदलावयाचे, पिपेट पुसावयाची, एकेक रसायन नव्या बाटलीतून घेऊन दोष कोठला ते हुडकावयाचे. प्रत्येक खेपेला दोन-तीन तास जातात, दुपार उलटते. आणि वहीत आधीच्या जेलचे छायाचित्र तारीख घालून चिकटवावयाचे, तिसऱ्या वाटेवरच्या पट्ट्यासकट.