म्हैस स्वस्त, दूध कुणाचं?

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात दोन भाऊ राहत होते. पुढं दुकान, मागं गोठा. गोठ्यात आज्जाच्या दोन म्हशी होत्या आणि दुकानात भावांची सीडी लायब्ररी. थोरला सिनेमाच्या डीव्हीडी भाड्यानं द्यायचा, एका रात्रीला दहा रुपये. धाकट्यानं आतल्या खोलीत एक जुनं प्लेस्टेशन मांडलं होतं. शाळा सुटली की पोरं यायची, तासाचे पंधरा रुपये मोजायची आणि पडद्यावर मोटारी पळवायची.

२००७ सालचा उन्हाळा होता. राजाराम कारखान्याचा हंगाम संपला होता आणि उसाचं बिल हातात आलं होतं. आज्जानं त्यातले साठ हजार बाजूला काढले, दोघांपुढं तीस-तीस हजार ठेवले आणि म्हणाला, “धंद्यात घाला. पर काय घेताय ते मला सांगून घ्या.”

रविवारी दोघं केएमटीच्या बसनं राजारामपुरीत गेले. दुकानात दोन नवी यंत्रं मांडलेली होती. एक मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स ३६०. ते आदल्या वर्षी भारतात आलं होतं आणि वीस हजारांच्या आसपास मिळत होतं. दुसरं सोनीचं प्लेस्टेशन ३. ते त्याच एप्रिलात आलं होतं आणि त्याची किंमत चाळीस हजारांच्या घरात होती.

“खेळ तोच, मग पैसे दुप्पट का?” थोरल्यानं विचारलं.

दुकानदार जाणता होता. त्यानं दोघांना स्टुलावर बसवलं आणि नीट सांगितलं. या महाग पेटीत ब्लू-रे नावाची नवी तबकडी चालते. डीव्हीडी वाचणारा किरण लाल असतो, हिचा निळा-जांभळा. तो बारीक असल्यामुळं तेवढ्याच तबकडीवर जास्त मजकूर मावतो. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी बसतात, हिच्यात २५. पण तोशिबा कंपनीनं हिच्याशी स्पर्धा करणारी दुसरी तबकडी काढलीय, एचडी डीव्हीडी. किरण तसाच निळा-जांभळा, एका थरात १५ जीबी. याची तबकडी त्यात चालत नाही, त्याची यात चालत नाही. सिनेमावाल्या कंपन्यासुद्धा दोन गटांत वाटल्या गेल्यात. मायक्रोसॉफ्ट तोशिबाच्या बाजूला आहे, पण तिनं ते यंत्र पेटीत घातलेलं नाही. ज्याला हवं त्यानं वेगळं घ्यायचं. अमेरिकेत त्याला १९९ डॉलर पडतात.

दिवेलागणीला दोघं गोठ्यात आले. आज्जा धार काढत होता. चरवीत दुधाच्या धारांचा आवाज येत होता, वर फेस चढत होता. धाकट्यानं सगळं सांगितलं आणि शेवटी मासिकात वाचलेली एक गोष्टही सांगितली. अमेरिकेत कुणी तरी ही महागडी पेटी खोलून आतल्या एकेका भागाची किंमत मांडली होती. ६०० डॉलरला विकायची पेटी करायला सुमारे ८४० डॉलर खर्च येत होता.

आज्जाचा हात थांबला. “म्हंजे तोट्यात विकतोय? येडा हाय का त्यो?”

“येडा न्हाई आज्जा. जगातली मोठी कंपनी हाय.”

आज्जा पुन्हा धार काढू लागला. धार संपल्यावर चरवी बाजूला ठेवून त्यानं एक जुनी गोष्ट सांगितली. तो तरणा असताना पेठेतला एक दूधवाला गावात आला होता. त्यानं अर्ध्या किमतीत म्हैस दिली. अट एकच होती. दूध त्यालाच घालायचं, भाव त्याचा आणि मापही त्याचंच. आज्जाला वाटलं, देव पावला. चार वर्षं दूध घातलं. पाचव्या वर्षी बसून हिशेब केला, तेव्हा अर्ध्या किमतीची म्हैस त्याला तीन म्हशींच्या भावात पडली होती.

“घेऊ नका म्हणत न्हाई मी,” आज्जा म्हणाला. “म्हैस स्वस्त देणारा दूध कुठं घालायचं ते आधी ठरवून आलेला असतोय. ते दूध कुठलं, तेवढं बघा.”

भावांनी ऐकलं आणि दोघांनी आपापल्या मनाप्रमाणं केलं.

थोरल्यानं स्वस्त पेटी घेतली. राहिलेल्या दहा हजारांपैकी आठ हजार अमेरिकेतल्या मावसभावाला पाठवले आणि एचडी डीव्हीडीचं ते वेगळं यंत्र मागवलं. दोन हजारांत दोन सिनेमे आले. त्याचा हिशेब सरळ होता. उद्या घरोघर हीच तबकडी येणार, तेव्हा बावड्यात पहिली लायब्ररी आपली असावी. धाकट्यानं पतसंस्थेतून दहा हजारांचं कर्ज काढलं आणि महाग पेटी आणली.

यंत्र आलं त्या रात्री थोरल्यानं आळीतल्या माणसांना बोलावलं. दुकानात एकवीस इंची जुना टीव्ही होता, पाठीला कुबड असलेला. त्यानं नवी तबकडी घातली, दिवे मालवले. चित्र सुरू झालं. सगळे गप्प बसून बघत होते. थोड्या वेळानं शेजारची काकू म्हणाली, “व्हय रं, हे आणि कालचं सारखंच दिसतंय की.”

तिचं खरं होतं. तबकडीवर चित्र बारीक होतं, पण ते दाखवायची ताकद त्या टीव्हीत नव्हती. आणि तबकडी भाड्यानं न्यावी, तर बावड्यात ती लावायला दुसरं यंत्र कुणाकडंच नव्हतं.

धाकट्याचीही स्थिती बरी नव्हती. नव्या पेटीचा एक खेळ अडीच हजारांना यायचा. पोरं पंधरा रुपयेच द्यायची. हप्त्याची तारीख आली की तो आज्जाकडं दुधाचे पैसे मागायचा. आज्जा काही न बोलता द्यायचा.

तिकडं मोठ्यांची झुंज चाललीच होती. तोशिबानं आपले प्लेअर स्वस्त करत करत आणले. नोव्हेंबर २००७ मध्ये वॉलमार्ट नावाच्या अमेरिकेतल्या बड्या दुकानात तिचा प्लेअर शंभर डॉलरच्या आत मिळाला. लोकांनी रांगा लावल्या. थोरल्यानं फोनवर हे ऐकलं आणि तो खूश झाला. आता ही तबकडी जिंकणार, असं त्यानं धाकट्याला सांगितलं.

राजारामपुरीच्या दुकानदाराला ते पटलं नाही. तो म्हणाला, “एकट्यानं तोटा सोसून एवढं स्वस्त केलं, की तोच माल करायला दुसरा कोण येणार? पलीकडं बघा. सोनी आहे, पॅनासोनिक आहे, सॅमसंग आहे, पायोनियर आहे. तिकडं बाजार भरतोय. इकडं एकच गाडा उभा आहे.” मला या सगळ्या गोष्टीत हे बोलणं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. शिवाय प्लेस्टेशन ३ ज्यानं ज्यानं खेळायला म्हणून नेलं, त्याच्या घरात ब्लू-रेचा प्लेअर न मागता जाऊन बसला होता. तोशिबाची तबकडी वेगळे पैसे मोजणाऱ्याच्याच घरात गेली.

४ जानेवारी २००८ ला वॉर्नर ब्रदर्सनं जाहीर केलं की या दोन तबकड्यांपैकी आपण फक्त ब्लू-रेच ठेवणार. १९ फेब्रुवारीला तोशिबानं एचडी डीव्हीडी बंद केली. चार दिवसांनी मायक्रोसॉफ्टनंही ते वेगळं यंत्र थांबवलं. मावसभावाचा फोन आला, “दादा, तुला १९९ डॉलरला घेतलेलं आता पन्नासला काढलंय. अजून एक पाठवू का?” थोरल्यानं फोन ठेवला आणि बराच वेळ दुकानाच्या पायरीवर बसून राहिला.

धाकटा जिंकला, असं आळीत सगळे म्हणाले. तो मात्र हसला नाही. दहा महिन्यांत एकाही गिऱ्हाइकानं त्याच्याकडं ब्लू-रेची तबकडी मागितली नव्हती. त्याच दिवसांत मोझर बेअर कंपनीनं सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली होती. दहा रुपये भाडं देऊन दुसऱ्या दिवशी परत करण्यापेक्षा लोक चौकातनं सिनेमा विकतच नेऊ लागले. बावड्यात तेव्हा दोन्ही निळ्या तबकड्या हरल्या होत्या आणि जुनी लाल तबकडी चालत होती.

पेटी तोट्यात विकणाऱ्यालाही ते सोपं गेलं नव्हतं. मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात सोनीच्या खेळांच्या धंद्याला २३२ अब्ज येनचा तोटा झाला होता. आणि त्या पिढीतल्या तिन्ही पेट्यांत सर्वांत जास्त विकली गेली ती निंटेंडोची वी. ती तबकड्यांच्या भांडणात उतरलीच नव्हती. तिच्यात कुठलीच निळी तबकडी चालत नव्हती, ती नुसती खेळायची होती आणि स्वस्त होती. दहा कोटींहून जास्त घरांत ती गेली.

मावसभावाचा फोन आला त्या संध्याकाळी दोघं पुन्हा गोठ्यात जाऊन बसले. थोरला म्हणाला, “आज्जा, मी दूध बघितलं न्हाई.” धाकटा म्हणाला, “मी बघितलं, पर मला ते दूध लागतंय का, ते बघितलं न्हाई.” आज्जानं दोघांना वाटीभर धारोष्ण दूध दिलं. बोलला काहीच नाही.

राजारामपुरीच्या दुकानातल्या त्या दोन किमती नुसत्या खेळाच्या नव्हत्या. एका पेटीच्या किमतीत उद्याच्या तबकडीवरचा हक्क मिसळलेला होता, दुसरीच्या किमतीतून तो मुद्दाम बाहेर ठेवलेला होता. टोकियो आणि अमेरिकेतल्या मोठ्या खोल्यांत ठरलेलं ते भांडण बावड्यातल्या उसाच्या बिलातून फेडलं गेलं. मला भावांचा राग येत नाही. दोघांनीही कष्टाचे पैसे सरळ मनानं लावले होते. घरात पुढची वस्तू येईल तेव्हा आज्जाचा प्रश्न आपणही एकदा विचारावा, एवढंच सांगावंसं वाटतं.

धाकट्यानं पतसंस्थेचा शेवटचा हप्ता २००९ च्या दिवाळीत भरला. त्याच्या दोन महिने आधी, ऑगस्टमध्ये, तोशिबा स्वतः ब्लू-रेच्या गटात सामील झाली होती.