जावयाच्या वाणात डोनट

अधिक मासात जावयाला तेहतीस अनारसेच का, हे आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत कुणालाही विचारा, उत्तर एकच: त्यांना जाळी असते म्हणून. पोथीत शब्द आहे अपूप. अपुपाला जितकी छिद्रं, तितकी हजार वर्षं दात्याला स्वर्गवास, असा हिशेब. म्हणून अनारसे जमले नाहीत तर बत्तासे चालतात, म्हैसूरपाक चालतो. लाडू चालत नाही.

2023 च्या अधिक श्रावणात पाऊस मागे लागला होता. तांदूळ सुकेनात, गुळाला पाणी सुटलेलं. लेक म्हणाली, "आई, भोकच पाहिजे ना? मग डोनट कर की. ह्यांना अनारसा आवडतच नाही." गुळाच्या व्यापारासाठी शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी वसवली, त्या गावात वाणाला मैदा आणि यीस्ट! पण प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता.

सोवळ्याची हरकत टिकत नाही. अंडं वगळता येतं. आंबवलेलं म्हणून नको म्हणावं, तर अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात आणि गूळ घातल्यावर पीठ पुन्हा मुरत पडतं. तो आंबूस वास कशाचा असतो?

खरा फरक छिद्रात आहे. अनारसा खसखशीवर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. जाळी पडली तर पडली. पीठ बिघडलं असेल तर अनारसा हसतो आणि कढईभर होतो. डोनटचं भोक मी पाडते: वाटीने गोल, बाटलीच्या झाकणाने मधली टिकली. मध्ये कच्चं राहू नये म्हणून ही युक्ती. 1847 मध्ये ती आपल्यालाच सुचली, असा दावा हॅन्सन ग्रेगरी नावाच्या अमेरिकन खलाशाने केला होता. एक छिद्र पडलेलं, एक पाडलेलं. पुण्य कशाचं धरायचं?

मला विचाराल तर हा मोजदादीचा विषयच नाही. तेहतीस हा आकडा देवांचा. बृहदारण्यकात शाकल्य याज्ञवल्क्याला देव किती म्हणून पुनःपुन्हा विचारतो. उत्तर तीन हजारांच्या वरून तेहतीस, सहा, तीन, दोन, दीड असं उतरत एकावर येतं. (तो दीड देव मला फार आवडतो.) आणि हा महिना तरी कुठला? चांद्रवर्ष 354 दिवसांचं, सौर 365 चं. दर वर्षी जे अकरा दिवस उरतात, त्यांची भरपाई. मलमास म्हणून सगळ्यांनी झिडकारलेला; विष्णूने आपलं नाव दिलं, तेव्हा पुरुषोत्तम मास झाला. असा उपरा महिना डोनटला दारात अडवेल, हे मला पटत नाही.

मला खुपतात ते विकतचे अनारसे. खोकं उघडलं, ताम्हनात रचले, दिवा ठेवला, झालं वाण. डोनटला निदान बोटं भाजतात. पिठीसाखर कोमट दुधात कालवून त्यात डोनट गरम असतानाच बुडवावा लागतो. गार झाल्यावर बुडवला तर पांढरा गिलावा बसतो. गरमावर पाक पातळ पसरतो आणि सुकला की खालचा तांबूस रंग दिसतो. तेहतीस डोनट बुडवून होईपर्यंत मी दुसरा विचार केला नाही. जप याहून वेगळा काय असतो?

हजार वर्षांच्या स्वर्गवासाचं मला अप्रूप नाही. आमची अंबाबाई तर भृगूच्या लाथेनंतर रागाने वैकुंठ सोडून करवीरात आली, असं मानतात; तिरुपतीहून तिला शालू येतो, ती परत जात नाही. आणि तिच्याच गावात आपण लेक-जावयाला लक्ष्मीनारायण म्हणून पाटावर बसवतो, वाण मात्र नारायणाच्या हातात देतो. हे कुठल्या शास्त्रात बसतं?

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून आहे. अनारसे करा नाहीतर डोनट, पण घरी करा, आणि ताम्हन दोघांच्या हातात द्या.