मेद्वेजातल्या उघडलेल्या कबरी

अंधश्रद्धाळू माणूस डोळे मिटून चालतो, असे आपण सहज म्हणून जातो. सर्बियातल्या मेद्वेजा गावाची हकीकत वाचल्यावर मला ते पटेनासे झाले आहे. तिथे सगळ्यांचे डोळे उघडे होते.

१७१८च्या पासारोवित्झ तहानंतर उत्तर सर्बिया तुर्कांकडून हॅब्सबर्ग राजवटीकडे आला. मेद्वेजात १७३१च्या अखेरीस माणसे पटापट मरू लागली. पुरलेली प्रेतेच उठून जिवंतांचे रक्त शोषतात, अशी गावाची खात्री होती. दोन-तीन कुटुंबे रात्री एकाच घरात जमत. काही झोपत, काही पहारा देत. साथरोगांचा वैद्य ग्लासर याला साथ आढळली नाही. त्याने उपासमारीवर आणि कडक धार्मिक उपवासांवर बोट ठेवले. तरीही लोकांचे समाधान व्हावे म्हणून प्रेतांचा निकाल लावावा, अशी शिफारस त्यानेच केली.

मग लष्करी शल्यवैद्य योहान फ्ल्युकिंगर आला. त्याचा जानेवारी १७३२चा अहवाल वाचताना जाणवते, की हा माणूस थापा मारत नाही. छातीच्या पोकळीत पातळ रक्त, गळून पडलेल्या नखांखाली नवी कातडी, हयातभर काटकुळी असलेली साठ वर्षांची मिलित्सा कबरीत गुबगुबीत झालेली. हे सारे त्याने पाहिले, आणि हे सारे खरे असू शकते. मृत्यूनंतर गोठलेले रक्त पुन्हा पातळ होऊ शकते, वायूंनी शरीर फुगते, वरची त्वचा नखांसकट सुटून येते. थंडीत पुरलेले प्रेत फार सावकाश कुजते. पण एरवी कबर उघडून कोण पाहणार? प्रेत साधारणपणे कसे दिसते, हेच ठाऊक नसल्याने जे दिसले ते अघटित ठरले.

स्तानाची नोंद मला सर्वांत अस्वस्थ करते. वीस वर्षांची ही बाई दोन महिन्यांपूर्वी बाळंतपणात गेली होती. मूलही जन्मताच दगावले आणि ते इतके उथळ पुरले गेले, की कुत्र्यांनी त्याचे लचके तोडले. गर्भाशय सुजलेले आहे, वार आतच राहून कुजली आहे, असे फ्ल्युकिंगरनेच लिहिले आहे. बाळंतरोगाचे एवढे स्पष्ट चिन्ह कागदावर असताना तिची गणना मात्र व्हँपायरांत झाली. अशी प्रेते मुंडकी तोडून जाळली गेली आणि राख मोरावा नदीत टाकली गेली.

म्हणूनच मी गावकऱ्यांपेक्षा अहवालाला अधिक जबाबदार धरतो. भेदरलेल्या गावाने कारण शोधणे स्वाभाविक होते. पण शल्यवैद्यांच्या आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या सह्यांनी त्या भीतीला पुराव्याचा दर्जा दिला. वर्षभरात जर्मन विद्यापीठांत त्यावर प्रबंध निघू लागले. १७२५मध्ये किसिलयेवो गावात फ्रोंबाल्ड नावाच्या अधिकाऱ्याने अशीच कबर उकरायला विरोध करून पाहिला होता. गाव सोडून जाऊ, असे लोकांनी बजावल्यावर तो नमला. त्याचा निदान नाइलाज होता. फ्ल्युकिंगरजवळ सुरी होती, प्रशिक्षण होते आणि हवे ते उत्तर टेबलावर पडलेले होते.

१७५५मध्ये हॅब्सबर्ग सम्राज्ञी मारिया थेरेसाचा वैद्य गेरार्ड व्हान स्वीटन याने थंडी आणि हवेचा अभाव यांमुळे प्रेते टिकतात, असे मांडले. त्यानंतर सम्राज्ञीने सरकारी परवानगीशिवाय अशी प्रेते उकरायला बंदी घातली. त्याच्या युक्तिवादातला बराचसा ऐवज तेवीस वर्षांपूर्वीच्या त्या अहवालातूनही निघू शकला असता. तो वाचणाऱ्यांनी प्रेत व्हँपायर आहे का, एवढेच विचारले. स्ताना कशाने मेली, हे कोणी विचारले नाही.