असईनंतरचे वचन

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, असई गावाजवळ, २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या नेतृत्वाखालील ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. मग कंपनीचा वकील जॉन माल्कम बुऱ्हाणपूरला दौलतराव शिंद्यांच्या दरबारी गेला आणि २७ फेब्रुवारी १८०४ रोजी मैत्रीचा करार झाला.

पराभूताची संमती ही खरी संमती असते का? हॉब्जच्या मते भीतीपोटी दिलेले वचनही बंधनकारक असते. रूसोच्या मते बळातून हक्क निर्माण होत नाही. तरीही अशा तहात खरी कसोटी लागते ती बलवानाची, कारण वचन मोडणे त्यालाच परवडते. ग्वाल्हेर कोणाचे, यावर तहाच्या कलमांचा वाद पेटला तेव्हा ती लागली. सचोटीची पत राखण्यासाठी ग्वाल्हेर दहादा सोडून देऊ, असे वेलस्लीने माल्कमला लिहिले. जिंकणाऱ्या सेनापतीचे हे मत आदरास पात्र आहे. गव्हर्नर जनरल असलेल्या त्याच्या भावाने मात्र ते मानले नाही. अखेर नोव्हेंबर १८०५ च्या तहाने ग्वाल्हेर शिंद्यांना परत मिळाले. पण ते केवळ मैत्रीखातर दिल्याचे नोंदवून, जुन्या तहातला त्यांचा हक्क कंपनीने अमान्यच ठेवला.